व्हीएम फुगतं आणि रखडतं: आधी काय पाहायचं, मग काय करायचं, कुठे थांबायचं

लक्षणं

व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन, संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. आतल्या सिस्टिमला गेस्ट म्हणतात, बाहेरच्या खऱ्या संगणकाला होस्ट आणि व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरव्हायझर. गेस्टची अख्खी डिस्क होस्टवर एका मोठ्या फाइलच्या रूपात असते, तीच डिस्क फाइल. खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर ही पोस्ट तुमच्याच अडचणीबद्दल आहे.

- गेस्टच्या आत जेमतेम २० जीबी वापरलेले दिसतात, पण होस्टवर त्याच व्हीएमची डिस्क फाइल ६० जीबीच्या पुढे गेलेली असते. आतल्या मोठमोठ्या फाइली पुसल्या तरी बाहेरचा आकडा हलत नाही.
- लॉगिन झाल्यावर बराच वेळ मेनू उघडत नाही, माउस अडखळतो, डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो.
- रॅम वाढवली, प्रोसेसरचे कोअर वाढवले आणि व्हीएम आणखी मंद झालं.
- व्हीएम सुरू केलं की होस्टसुद्धा हँग होतो.
- चालता चालता व्हीएम आपोआप पॉज होतं, नाहीतर डिस्क भरल्याचा संदेश येतो.

फुगणं आणि रखडणं ही दोन वेगळी दुखणी वाटतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या व्हीएममध्ये मात्र ती बहुधा हातात हात घालूनच येतात. डिस्क फाइल फुगते, होस्टची जागा संपत येते, त्यात रॅमची ओढाताण सुरू होते आणि सगळा भार पुन्हा त्याच भरलेल्या डिस्कवर पडतो. अशा वेळी व्हीएमला आणखी काही दिलं तर होस्टचं उरलंसुरलंही जातं. म्हणून खाली सुचवलेल्या उपायांपैकी बरेचसे काढून घेण्याचे आहेत, देण्याचे कमी. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, हायपर-व्ही आणि केव्हीएम या चारही हायपरव्हायझरमध्ये क्रम हाच ठेवा. बटणांची नावं बदलतात, कारणं तीच राहतात.

हात लावण्यापूर्वी

व्हीएम पूर्ण बंद करा आणि त्याचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. पूर्ण बंद म्हणजे शटडाउन. सस्पेंड किंवा सेव्ह स्टेट केलेल्या व्हीएमची डिस्क अर्धवट अवस्थेत असते, तिच्यावर पुढची कामं करायची नाहीत. आणि स्नॅपशॉट (मागे परतता यावं म्हणून गोठवलेली व्हीएमची त्या क्षणाची अवस्था) काढला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. स्नॅपशॉट मूळ डिस्क फाइलवरच उभा असतो, मूळ फाइल खराब झाली की तोही गेला.

मग तीन आकडे लिहून घ्या: डिस्कची कमाल मर्यादा किती ठेवली आहे, डिस्क फाइलने होस्टवर प्रत्यक्षात किती जागा घेतली आहे, आणि गेस्टच्या आत खरोखर किती वापर आहे. केव्हीएमवर 'क्यूईएमयू-आयएमजी इन्फो' ही कमांड पहिले दोन आकडे शेजारी शेजारी दाखवते. गेस्ट लिनक्स असेल तर तिसरा आकडा 'डीएफ'मधून मिळतो, विंडोजमध्ये सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून. समजा आकडे ८०, ६३ आणि १९ आले. म्हणजे ६३ वजा १९, साधारण ४४ जीबी परत मिळण्याजोगे आहेत. पण तेच ८०, ६३ आणि ६० आले, तर फाइल फुगलेली नाही, आतला डेटाच तेवढा आहे. आकसवण्याच्या खटाटोपातून तिथे काही मिळणार नाही, आत साफसफाई करावी लागेल. हे दोन मिनिटांचं काम न केल्यामुळे कित्येक जण तासन्‌तास चुकीच्या जागी झटत बसतात.

पहिली तपासणी: होस्टची अवस्था

व्हीएम चालू ठेवून होस्टचा टास्क मॅनेजर उघडा, लिनक्स होस्ट असेल तर 'टॉप'. रॅम ९० टक्क्यांच्या वर, डिस्क सतत १०० टक्क्यांवर, किंवा ज्या ड्राइव्हवर व्हीएम आहे त्यावर नावापुरतीच जागा, यांपैकी काहीही दिसलं तर गेस्टमध्ये डोकं घालण्यात अर्थ नाही. एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग उतरतो. जागा साफ संपली की वाढत जाणारी डिस्क फाइल पुढे वाढू शकत नाही आणि हायपरव्हायझर व्हीएम पॉज करतो. आपोआप पॉज होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. तसं झालं तर रीसेट मारू नका. होस्टवर जागा मोकळी करा आणि व्हीएम रिझ्यूम करा, ते जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं.

एकाच ड्राइव्हवर चार-पाच व्हीएम असतील तर त्या सगळ्यांच्या कमाल मर्यादांची बेरीज करून पाहा. ती ड्राइव्हच्या क्षमतेपेक्षा जास्त निघाली, तर आज ना उद्या जागा संपणार हे धरून चाला.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा. बॅटरीवर प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवलेला असतो. इंटेलच्या १२व्या पिढीपासून बऱ्याच प्रोसेसरमध्ये जलद आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर असतात. व्हीएमची खिडकी मिनिमाइझ केल्यावरच ते मंद होत असेल, तर त्याचं काम काटकसरी कोअरवर ढकललं जात आहे का, हे आधी पाहा.

व्हीएमची फाइल कुठल्या ड्राइव्हवर आहे तेही बघा. फिरत्या हार्ड डिस्कवर, यूएसबीच्या पेन ड्राइव्हवर किंवा क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये व्हीएम ठेवलं असेल, तर ते तिथून हलवणं हाच पहिला उपाय. सिंक करणारा प्रोग्रॅम एवढी मोठी फाइल बदलली की ती पुन्हा वाचायला घेतो, आणि व्हीएम चालू असताना ती फाइल क्षणाक्षणाला बदलत असते.

दुसरी तपासणी: स्नॅपशॉट

फुगलेल्या व्हीएमची तक्रार आली की मी सर्वात आधी स्नॅपशॉटची यादी पाहतो. स्नॅपशॉट घेतल्या क्षणापासून मूळ डिस्क गोठते आणि पुढचं सगळं लिखाण नव्या फरक-फाइलमध्ये जातं. त्याच्यावर दुसरा, तिसरा घेतला की साखळी तयार होते. गेस्टने एखादा ब्लॉक (डिस्कचा छोटा तुकडा) मागितला की तो साखळीतल्या कुठल्या फाइलमध्ये आहे ते शोधावं लागतं. जागा वाढते, वेग घटतो, दोन्ही एकाच कारणाने.

व्हीएमवेअरच्या फोल्डरमध्ये शेवटी शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-एक असा आकडा लागलेल्या डिस्क फाइली दिसतील. हायपर-व्हीमध्ये एव्हीएचडीएक्स एक्स्टेन्शनच्या, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'स्नॅपशॉट्स' नावाच्या फोल्डरात. व्हीएमवेअरची स्वतःची शिफारस अशी आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि साखळीत दोन-तीनच असावेत. ३२ ही परवानगीची कमाल मर्यादा आहे, ती गाठायची नसते.

नको असलेले स्नॅपशॉट काढा, पण फक्त हायपरव्हायझरच्या मेनूमधून. फोल्डर उघडून त्या फाइली हाताने कधीही पुसू नका. त्यात तुमचा ताजा डेटा आहे, नुसता इतिहास नाही. मेनूतून काढल्यावर फरक-फाइलमधला मजकूर मूळ फाइलमध्ये मिसळला जातो. साखळी लांब असेल तर याला तास लागू शकतात आणि तोवर जास्तीची जागाही लागते. टक्केवारी एका जागी अडकल्यासारखी दिसली तरी प्रोग्रॅम बंद करू नका. होस्टच्या डिस्कवर वाचन-लेखन चालू दिसत असेल, तर काम चालू आहे.

कधी कधी यादीत एकही स्नॅपशॉट नसतो, पण फरक-फाइली मात्र फोल्डरमध्ये असतात. बहुधा एखाद्या बॅकअप प्रोग्रॅमने स्नॅपशॉट घेतला आणि काम मध्येच तुटलं, असं झालेलं असतं. व्हीएमवेअरच्या सर्व्हर आवृत्तीत यासाठी 'कन्सॉलिडेट' हा पर्याय आहे. केव्हीएममध्ये क्यूकाऊ२ (तिथला नेहमीचा डिस्क फाइलचा प्रकार) फाइलच्या पोटातच स्नॅपशॉट साठवता येतो. तो काढल्यावरही फाइलचा आकार सहसा उतरत नाही, आतली जागा फक्त पुढच्या लिखाणासाठी मोकळी होते.

याच सुमारास सेव्ह केलेल्या स्टेटकडेही नजर टाका. सस्पेंड केलेलं व्हीएम आपली रॅम होस्टच्या डिस्कवर उतरवतं, म्हणजे ८ जीबी रॅमच्या व्हीएममागे जवळपास तेवढी फाइल पडू शकते. वारंवार सस्पेंड करण्याऐवजी शटडाउन करायची सवय लावली की ही जागा आपोआप वाचते.

तिसरी तपासणी: हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन खरंच वापरात आहे का

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे छोट्या चिन्हांची ओळ असते. त्यात हिरवं कासव दिसलं तर तुमचं उत्तर मिळालं. याचा अर्थ असा की विंडोजने प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय हायपर-व्हीसाठी आधीच घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावं लागत आहे. मशीन चालतं, पण ठिकठिकाणी अडखळतं. विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये सर्वात खाली हायपरव्हायझर आढळल्याची ओळ असेल, तर त्याचा अर्थही हाच.

हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म आणि विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म हे 'विंडोज फीचर्स'मधले पर्याय, आणि विंडोज सिक्युरिटीतली 'मेमरी इंटिग्रिटी', यांपैकी काही चालू असेल तर कासव येतं. बंद करता येतं, पण किंमत समजून घ्या. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय), विंडोज सँडबॉक्स आणि सर्वसाधारण मांडणीतलं डॉकर डेस्कटॉप याच आधारावर चालतात, ते थांबतील. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं कवच आहे. घरच्या चाचणीच्या मशीनवर मी हे सगळं बंद करायला सांगतो. ऑफिसच्या मशीनवर आयटी विभागाला विचारल्याशिवाय करू नका. डब्ल्यूएसएल २ हवंच असेल, तर व्हीएम सरळ हायपर-व्हीमध्ये हलवणं जास्त शहाणपणाचं.

टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर 'व्हर्च्युअलायझेशन: डिसेबल्ड' असं दिसत असेल, तर मात्र बायोसमध्ये जाऊन इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम चालू करावं लागेल. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर बायोसला हात लावण्यापूर्वी रिकव्हरी की जवळ ठेवा.

चौथी तपासणी: रॅम आणि कोअर

इथे बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आधी रॅम. गेस्टला कमी पडली तर तो स्वॅप करतो, म्हणजे रॅममधली पानं स्वतःच्या डिस्कवर टाकतो. जास्त दिली तर होस्टला कमी पडते आणि होस्ट स्वॅप करतो. दुसरी अवस्था जास्त वाईट, कारण गेस्टला वाटतं आपली पानं रॅममध्ये आहेत, पण होस्टने ती कधीच डिस्कवर टाकलेली असतात. १६ जीबीच्या होस्टवर एका व्हीएमला १२ जीबी देणं म्हणजे दोघांनाही उपाशी ठेवणं. होस्टला स्वतःसाठी आणि तुमच्या ब्राउझरसाठी निदान ५-६ जीबी राहू द्या. डेस्कटॉप नसलेल्या लिनक्स सर्व्हरला १ ते २ जीबी सहसा पुरतात. विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ४ जीबी आहे, कामाला बसायचं तर ६ ते ८ धरा.

लिनक्स गेस्टमध्ये 'फ्री' कमांडचा 'फ्री' रकाना पाहून घाबरू नका, 'अव्हेलेबल' रकाना पाहा. मोकळी रॅम लिनक्स कॅशसाठी वापरतो आणि लागली की लगेच परत देतो. रॅम खरंच कमी पडते का, हे 'व्हीएमस्टॅट १' चालवून एसआय आणि एसओ या स्वॅपच्या रकान्यांत दिसतं. तिथे एखाददुसऱ्या वेळी आकडा उमटला तर हरकत नाही, सलग उमटत राहिला तर रॅम वाढवा.

आता कोअर. चार कोअरच्या लॅपटॉपवर आठ थ्रेड दिसतात म्हणून व्हीएमला आठ देऊ नका. दोन थ्रेड एकाच कोअरची ताकद वाटून घेतात, त्यामुळे प्रत्यक्ष कोअर मोजा आणि त्यातले निम्मे देऊन सुरुवात करा. गेस्टकडे जितके कोअर जास्त, तितकं होस्टला प्रत्येकासाठी वेळ जुळवून देणं अवघड. जे कोअर गेस्टला सतत लागतच नाहीत, तेही रांगेत उभे राहतात.

हे मोजता येतं. लिनक्स गेस्टमध्ये 'टॉप' उघडा आणि वरच्या सीपीयूच्या ओळीत यूएस, डब्ल्यूए आणि एसटी हे आकडे वाचा. डब्ल्यूए जास्त असेल तर प्रोसेसर डिस्कची वाट पाहत आहे, कोअर वाढवून फरक पडणार नाही. एसटी जास्त असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ होस्ट दुसऱ्यांना देत आहे. तिथे कोअर कमी करा, नाहीतर होस्टवरची गर्दी कमी करा. हे दोन्ही शून्याच्या आसपास असतील आणि यूएस (प्रोग्रॅमच्या कामात जाणारा वेळ) कायम ९०च्या वर असेल, तरच गेस्टला खरोखर जास्त प्रोसेसर हवा आहे. व्हीएमवेअरच्या सर्व्हरवर यासाठी 'सीपीयू रेडी', म्हणजे काम तयार असूनही प्रोसेसरची वाट पाहण्यात गेलेला वेळ, पाहतात. वीस सेकंदांच्या आलेखात एका कोअरमागे १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के. तिथवर आलं की लक्ष ठेवायचं, १० टक्क्यांच्या पुढे गेलं की वापरणाऱ्याला मंदपणा जाणवू लागतो.

एका वेळी एकच आकडा बदला आणि तेच काम पुन्हा करून वेळ मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पाचवी तपासणी: गेस्टमधली टूल्स आणि होस्टचा अँटीव्हायरस

गेस्ट अ‍ॅडिशन्स, व्हीएमवेअर टूल्स, विर्टआयओ ड्रायव्हर ही गेस्टच्या आत बसवायची मदतनीस टूल्स; यांपैकी जे लागू असेल ते हायपरव्हायझरच्या आवृत्तीशी जुळणारं आहे ना ते पाहा. हायपरव्हायझर अपडेट होतो आणि आतली टूल्स जुनीच राहतात, हे फार नेहमीचं. टूल्स नसतील तर ग्राफिक्स आणि नेटवर्कची अख्खी खरीखुरी कार्डं सॉफ्टवेअरने वठवावी लागतात. माउस अडखळणं आणि स्क्रीन हळू रंगणं बऱ्याचदा जुळणारी टूल्स बसवल्यानेच थांबतं.

होस्टचा अँटीव्हायरस डिस्क फाइलचं वाचन-लेखन तपासत बसला, तर प्रत्येक कामाला उशीर होतो. व्हीएमचं फोल्डर अपवादांच्या यादीत टाका. त्या बदल्यात गेस्टच्या आत स्वतःचं संरक्षण चालू ठेवा, कारण बाहेरून आता कोणी पाहणार नाही.

सहावी तपासणी: गेस्टची आतून सफाई

आकसवण्यापूर्वी आतला कचरा काढा, नाहीतर कचराच जपून ठेवल्यासारखं होईल.

विंडोजमध्ये 'डिस्क क्लीनअप' उघडून सिस्टिम फाइलींचा पर्याय निवडा. जुन्या विंडोजची प्रत आणि अपडेटचे अवशेष तिथून जातात. व्हीएममध्ये हायबरनेशनची गरज नसते. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' दिलं की त्याची भलीमोठी फाइल निघून जाते. विनएसएक्सएस (विंडोजच्या सिस्टिम घटकांचं) फोल्डर कितीही मोठं दिसलं तरी हाताने पुसायचं नाही. त्यासाठी डिस्म कमांडचा 'स्टार्ट कंपोनंट क्लीनअप' हाच मार्ग.

लिनक्समध्ये पॅकेजची कॅश, जुने कर्नल आणि जर्नल (सिस्टिमच्या नोंदी) ही नेहमीची ठिकाणं. 'जर्नलसीटीएल'ला व्हॅक्यूम-साइझ २०० एमबी सांगितलं की जुन्या नोंदी जातात. डॉकर असेल तर आधी 'डॉकर सिस्टिम डीएफ'ने पाहा आणि मगच 'प्रून' (न वापरलेलं काढून टाकणं) करा. प्रूनला व्हॉल्यूम्सचा पर्याय जोडू नका, त्यात डेटाबेस असू शकतो. 'डीएफ' जागा भरलेली सांगतो पण फाइलींचे आकार मोजणाऱ्या 'डीयू'ची बेरीज तेवढी येत नाही, असं झालं तर बहुधा पुसलेली एखादी लॉग फाइल अजून कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरली आहे. 'एलएसओएफ +एल१'ने ती सापडते. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते.

सातवी तपासणी: डिस्क फाइल आकसवणं

आत फाइल पुसली तरी बाहेरची फाइल कमी का होत नाही? कारण पुसताना गेस्ट फक्त आपल्या नोंदीतून त्या फाइलचं नाव काढतो. वहीच्या अनुक्रमणिकेतलं धड्याचं नाव खोडलं तरी धड्याची पानं जागच्या जागी राहतात, तसंच हे. होस्टला त्या ब्लॉकमध्ये पूर्वीचाच मजकूर दिसतो, आणि तो आता निरुपयोगी आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगण्याचे दोन मार्ग आहेत: ट्रिम, म्हणजे कुठले ब्लॉक मोकळे झाले ते गेस्टने स्वतः कळवणं (या संदेशालाच डिसकार्ड म्हणतात), किंवा मोकळ्या जागेत शून्यं भरणं.

ट्रिम आधी करून पाहा, त्यात धोका कमी. लिनक्स गेस्टमध्ये 'एफएसट्रिम -एव्ही' चालवा, प्रत्येक विभाजनातून (पार्टिशनमधून) किती जागा सोडली ते ती सांगते. यादीत काहीच आलं नाही किंवा डिसकार्ड समर्थित नाही असं उत्तर आलं, तर व्हीएमची डिस्क डिसकार्ड स्वीकारण्याजोगी जोडलेली नाही. केव्हीएममध्ये डिस्कला 'डिसकार्ड=अनमॅप' द्या. विर्टआयओ-स्कझी कंट्रोलरवर (कंट्रोलर म्हणजे डिस्क व्हीएमला जोडणारा भाग) ही सोय पूर्वीपासून आहे, विर्टआयओ-ब्लॉकवर क्यूईएमयू ४.० पासून, म्हणजे २०१९ नंतर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीडीआय (त्याचा स्वतःचा डिस्क फाइलचा प्रकार) डिस्क जोडताना 'नॉनरोटेशनल' आणि 'डिसकार्ड' हे दोन्ही चालू करा. डिसकार्डसाठी कमांड लाइन लागते. विंडोज गेस्टमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' हेच काम करतं, पण त्याला ती डिस्क एसएसडी किंवा थिन प्रोव्हिजन्ड (लागेल तशी जागा घेणारी) म्हणून दिसायला हवी.

ट्रिम जमलं नाही तरच शून्यांचा मार्ग. इथे सावध राहा: मोकळ्या जागेत शून्यं भरताना डिस्क फाइल आधी कमाल मर्यादेपर्यंत वाढू शकते. वरच्या उदाहरणात मर्यादा ८० आणि फाइल ६३ होती, म्हणजे होस्टवर आणखी १७ जीबी मोकळे असल्याशिवाय सुरुवात करायची नाही. होस्ट आधीच भरलेला असताना कोणीतरी हे करतं आणि मग व्हीएम आणि होस्ट दोन्ही अडकून बसतात. विंडोजमध्ये सिसइंटर्नल्सचं एसडिलीट '-झेड' लावून चालवा. लिनक्समध्ये 'डीडी'ने शून्यांची एक फाइल जागा संपेपर्यंत लिहा, 'सिंक' द्या आणि ती पुसून टाका. चालू सेवा असलेल्या मशीनवर हे करू नका, जागा शून्यावर येते तेवढ्या क्षणांत डेटाबेस कोलमडू शकतो.

शटडाउन केल्यावर मूळ आकसवण्याचं काम. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम', डिस्कचा मार्ग आणि '--कॉम्पॅक्ट'. हे व्हीडीआय फाइलींवर चालतं. डिस्क व्हीएमडीके (व्हीएमवेअरचा प्रकार) असेल तर शून्यं भरून झाल्यावर तिचा डायनॅमिक, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणारा, व्हीडीआय क्लोन काढा, परिणाम तोच. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये 'क्लीन अप डिस्क्स'. हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स (तिथली डिस्क फाइल) रीड-ओन्ली माउंट करून पॉवरशेलमध्ये 'ऑप्टिमाइझ-व्हीएचडी', मोड 'फुल'. डब्ल्यूएसएल २ साठी आधी 'डब्ल्यूएसएल --शटडाउन', मग डिस्कपार्टमध्ये ती डिस्क निवडून रीड-ओन्ली जोडायची, 'कॉम्पॅक्ट व्हीडिस्क' द्यायचं आणि सोडवायची. केव्हीएममध्ये 'क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट'ने नवी क्यूकाऊ२ फाइल तयार होते. नवी फाइल बूट होऊन दोन-चार दिवस नीट चालेपर्यंत जुनी पुसू नका. आणि चालू व्हीएमच्या डिस्कवर यातलं काहीही चालवायचं नाही, डिस्क कायमची बिघडू शकते.

आकार कमी झालाच नाही तर तीन कारणं तपासा. स्नॅपशॉट अजून शिल्लक आहेत. डिस्क निश्चित आकाराची आहे, मग डायनॅमिक प्रकारात क्लोन केल्याशिवाय ती आकसणार नाही. किंवा गेस्टमध्ये बिटलॉकर अथवा लक्स (लिनक्सचं) एन्क्रिप्शन आहे. तिसरं कारण लोकांच्या लक्षातच येत नाही. गेस्टने लिहिलेली शून्यंसुद्धा एन्क्रिप्ट होऊनच होस्टपर्यंत येतात, त्यामुळे होस्टला ती शून्यं दिसत नाहीत. अशा डिस्कवर फक्त ट्रिम कामी येतं, आणि लक्समध्ये त्यासाठी डिसकार्डची परवानगी वेगळी द्यावी लागते.

डिस्कची कमाल मर्यादा ८० वरून ४० वर आणावी का, असंही विचारतात. डायनॅमिक डिस्क असेल तर गरज नाही. मर्यादा हा नुसता आकडा आहे, त्याची जागा अडत नाही. ती खाली आणायला आधी फाइलसिस्टिम, मग विभाजन आणि मग डिस्क अशा उलट्या क्रमाने जावं लागतं, आणि एकाही पायरीवर हिशेब चुकला तर शेपटाकडचा डेटा कापला जातो. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम तर नेहमीच्या पद्धतीने लहान होतच नाही. खरंच हवं असेल तर नवी लहान डिस्क जोडून त्यावर डेटा उतरवा.

आठवी तपासणी: डिस्क कंट्रोलर बदलणं

जुन्या व्हीएममध्ये डिस्क आयडीई कंट्रोलरवर टांगलेली सापडते. ती विर्टआयओ, एनव्हीएमई किंवा सुधारित स्कझीवर नेली तर वेग स्पष्ट वाढतो. पण विंडोज गेस्टमध्ये कंट्रोलर थेट बदलला, तर नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बूटच्या वेळी नसतो आणि निळी स्क्रीन येते. म्हणून आधी १ जीबीची रिकामी दुसरी डिस्क नव्या कंट्रोलरवर जोडा, विंडोज सुरू करून ड्रायव्हर बसवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती डिस्क दिसते याची खात्री करा, शटडाउन करा आणि मगच मुख्य डिस्क हलवा. एवढं करूनही बूट झालं नाही तर कंट्रोलर पूर्ववत करा, मशीन पुन्हा उठतं.

कॅशचे पर्याय बदलताना 'अनसेफ' नावाचा पर्याय डेटा असलेल्या व्हीएमला लावू नका. वेग मिळतो, पण वीज गेली की फाइलसिस्टिम जाते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

होस्टच्या डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते तो) रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब झालेले किंवा खराब होऊ लागलेले तुकडे) वाढताना दिसले, तर वरचं काहीही करू नका. स्नॅपशॉट मिसळणं आणि शून्यं भरणं या दोन्हींत डिस्कवर प्रचंड लिखाण होतं, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. व्हीएम बंद करून फाइल दुसरीकडे कॉपी करता आली तर करा. कॉपी मध्येच अडली तर पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

मूळ डिस्क बदलली आहे आणि फरक-फाइलशी तिचा मेळ बसत नाही, असा संदेश आला तर साखळी तुटलेली आहे. ती जोडता येते, पण एका चुकीच्या क्रमाने कायमची जाते. फोल्डर जसंच्या तसं ठेवा, व्हीएम सुरू करून पाहू नका.

अनेक लोक वापरत असलेल्या सर्व्हरचा डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवायची जागा) भरला असेल, व्हीएमवर चालू डेटाबेस किंवा डोमेन कंट्रोलर (ऑफिसच्या नेटवर्कची लॉगिनं सांभाळणारा सर्व्हर) असेल, किंवा स्नॅपशॉटवर मागे जायचा विचार असेल, तर ते त्या यंत्रणेच्या अ‍ॅडमिनचं काम आहे. क्लाउडवरच्या व्हीएममध्ये एसटीचा आकडा सतत वर असेल तर होस्ट तुमच्या हातात नाही. सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा, नाहीतर मशीनचा प्रकार बदला.

जाणकाराला सांगताना सुरुवातीला लिहून घेतलेले तीन आकडे द्या. हायपरव्हायझर आणि गेस्टची आवृत्ती, व्हीएमच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं, आकार आणि तारखा, व्हीएमची लॉग फाइल, आणि शेवटचा कुठला बदल केल्यावर बिघडलं हेही कळवा. संदेश आला असेल तर तो शब्दशः उतरवून द्या.